शेजारचे ख्रिस्ती : पंथ, श्रद्धा आणि आचार

सराफी पेढीवर बसणाऱ्याला ख्रिस्ती समाजातील पंथभेद पुस्तक न उघडताही कळू शकतात. बोईसरसारख्या बाजारपेठेत वसईकडचे कुटुंब लग्नासाठी अंगठ्यांचा जोड मागते आणि मुलाच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या समारंभासाठी क्रूस असलेली बारीक साखळी. केरळी सिरियन ख्रिस्ती कुटुंबाला हवे असते ते ‘मिन्नू’ नावाचे पानाच्या आकाराचे इवलेसे सोन्याचे पदक. त्यावर ठिपक्यांचा क्रूस उठवलेला असतो आणि वधूला दिलेल्या वस्त्रातून काढलेल्या सात धाग्यांत ते ओवून तिच्या गळ्यात बांधतात. तिसरे कुटुंबही केरळचेच, नावेही तशीच, हातात पुस्तकही तेच. पण ते पेढीची पायरी चढत नाही. ते पेंटेकोस्टल पंथाचे असते आणि त्यांच्यापैकी अनेक जण अंगावर सोने घालणे वर्ज्य मानतात. विवाहप्रसंगीही घालत नाहीत.

तरीही आपल्या बोलण्यात ‘ख्रिश्चन लोक’ हा एकच शब्द असतो. जैन म्हटल्यावर दिगंबर की श्वेतांबर, मंदिरमार्गी की स्थानकवासी, तेरापंथी की वीसपंथी हे विचारल्याशिवाय ज्या समाजात सोयरीक होत नाही, त्याने शेजाऱ्याला मात्र एकाच गोणीत भरावे हे थोडे विचित्रच आहे. पालघर जिल्ह्यात तर ही चूक विशेष ठळक दिसते. १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्यात, वसईपासून डहाणू रोडपर्यंतच्या एका रेल्वेमार्गावर, ख्रिस्ती धर्माच्या दोन हजार वर्षांतील बहुतेक मोठ्या फाटाफुटींचे वारस राहतात.

सर्वांत जुना थर वसईचा. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने तहान्वये वसई पोर्तुगीजांना दिली. योगायोग असा की त्याच वर्षी इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने पोपची सत्ता झुगारून स्वतःला इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख ठरवले. एकीकडे युरोपात रोमची सत्ता ढासळत होती, तर दुसरीकडे आपल्या किनाऱ्यावर रोमचा धर्म नव्याने उतरत होता. पोर्तुगीजांबरोबर आलेले फ्रान्सिस्कन व जेझुइट धर्मगुरू अर्थातच कॅथलिक होते. १७३९ च्या जानेवारीत तारापूरचा किल्ला आणि मे महिन्यात वसई मराठ्यांनी जिंकली. चिमाजीअप्पांच्या त्या मोहिमेने पोर्तुगीज सत्ता गेली. पण वसईतील सामवेदी, वाडवळ आणि कोळी ख्रिस्ती कुटुंबे आपल्या श्रद्धेसह तेथेच राहिली. घरात सामवेदी किंवा वाडवळी बोली, शेतात केळी आणि पानवेली, आणि रविवारी देवळात मिस्सा, असे त्यांचे जीवन आजही ओळखता येते. जपानमध्ये नागासाकी येथे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रूसावर मारले गेलेले गोन्सालो गार्सिया हे वसईचेच. १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. भारतात जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत. १९९८ साली वसईला स्वतंत्र धर्मप्रांत झाला. या मातीतील फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी मराठीत ‘सुबोध बायबल’ लिहिले, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि २०२० साली उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

कॅथलिक पंथाचा कणा म्हणजे परंपरा आणि अधिकार. येशूचा शिष्य पेत्र हा पहिला पोप आणि त्याच्यापासून आजच्या पोपपर्यंत गुरुपरंपरा अखंड आहे, अशी त्यांची धारणा आहे. पोपच्या खाली बिशप, बिशपखाली धर्मगुरू, धर्मगुरूच्या हाती एक धर्मग्राम, अशी ही रचना एखाद्या राष्ट्रीयीकृत बँकेच्या मुख्य कार्यालय, विभागीय कार्यालय आणि शाखा यांच्यासारखी आहे. शाखाधिकाऱ्याची बदलीही तशीच होते. स्नानसंस्कारापासून रुग्णाभ्यंगापर्यंत सात संस्कार ते मानतात. मिस्सेत भाकर आणि द्राक्षारस यांचे ख्रिस्ताच्या शरीरात आणि रक्तात खरोखर परिवर्तन होते, हा त्यांचा विश्वास असून उरलेला ख्रिस्तप्रसाद वेदीजवळच्या पेटीत आदराने ठेवला जातो. पवित्र मारिया आणि संत यांच्याकडे ते ‘आमच्यासाठी देवाकडे रदबदली करा’ अशी याचना करतात. देवाची आराधना आणि संतांचा आदर या दोन गोष्टी ते काटेकोरपणे वेगळ्या मानतात. धर्मगुरू आजन्म ब्रह्मचारी असतो. पापांची कबुली धर्मगुरूसमोर द्यायची असते. गुरूसमोर आलोचना करण्याची रीत ज्या घरात आहे, त्या घराला हा संस्कार सहज समजेल. १९६२ ते १९६५ या काळातील दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. मराठी मिस्सा ही वसईच्या जुन्या पिढीने आपल्या हयातीत पाहिलेली नवलाई आहे.

या रचनेला पश्चिम युरोपात सर्वांत मोठा तडा गेला तो १५१७ साली, आणि त्याचे निमित्त हिशेबाचे होते. मध्ययुगीन कॅथलिक शिकवणीनुसार ख्रिस्ताचे आणि संतांचे अपार पुण्य हा जणू एक कोश आहे आणि चर्च त्या कोशातून पापदंडाची सूट देऊ शकते. रोममधील सेंट पीटरच्या मंदिराच्या बांधकामासाठी या सुटीची पत्रे पैसे घेऊन विकली जाऊ लागली. जर्मन धर्मगुरू मार्टिन ल्यूथर याने त्याला आक्षेप घेतला आणि हळूहळू त्याचा आक्षेप विक्रीपुरता न राहता कोशाच्या कल्पनेपर्यंतच पोहोचला. एका खात्यातील पुण्य दुसऱ्या खात्यात वर्ग होतेच कसे? ज्याचे कर्म त्यालाच भोगावे लागते असे मानणाऱ्या वाचकाला ल्यूथरचा प्रश्न पटेल, पण त्याचे उत्तर मात्र अनपेक्षित वाटेल. तो म्हणाला, माणसाच्या खात्यात पुण्य जमाच होत नाही. तारण होते ते केवळ देवाच्या कृपेने आणि केवळ विश्वासाने. सत्कर्म हे तारणाचे मूल्य नव्हे, ते तारणाचे फळ. धर्माचा अंतिम आधार पोप नव्हे, तर पवित्र शास्त्र. येथून प्रोटेस्टंट पंथ निघाले. शास्त्रातील ग्रंथांची संख्याही बदलली; कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके आहेत, प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६. तारणाच्या या वादावर कॅथलिक चर्च आणि लुथेरन महासंघ यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी संयुक्त घोषणापत्र काढून मूलभूत सहमती नोंदवली. त्याला ४८२ वर्षे लागली.

मात्र पोप नाकारल्यावर अंतिम निर्णय कोणी द्यायचा हे ठरेना, आणि प्रोटेस्टंटांत पंथांतून पंथ निघत गेले. प्रभुभोजनाच्या भाकरीत ख्रिस्त खरोखर असतो असे ल्यूथर म्हणे. स्वित्झर्लंडचा झ्विंग्ली ती केवळ स्मरणखूण मानी. १५२९ साली दोघे समोरासमोर बसले आणि समेट न होताच उठले. अँग्लिकनांनी बिशप ठेवले, प्रेस्बिटेरियनांनी वडीलजनांची सभा नेमली, काँग्रिगेशनलांनी प्रत्येक स्थानिक मंडळीला स्वायत्तता दिली. बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यावा की समजून-उमजून मागणाऱ्या प्रौढालाच द्यावा, डोक्यावर पाणी शिंपडावे की पूर्ण बुडवावे, या प्रश्नावर तर सोळाव्या शतकात माणसे बुडवून मारली गेली.

महाराष्ट्रात प्रोटेस्टंट आले ते १८१३ साली, अमेरिकन मराठी मिशनच्या रूपाने. अहमदनगर हे त्यांचे मोठे केंद्र झाले, रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक याच परंपरेतील. पालघर-डहाणू पट्ट्यात मात्र जो प्रोटेस्टंट पंथ रुजला तो अगदी निराळा, आणि जैन वाचकाने आवर्जून ओळख करून घ्यावी असा आहे. त्याचे नाव चर्च ऑफ द ब्रदरन.

१७०८ साली जर्मनीतील श्वार्झेनाऊ गावी आठ प्रौढ स्त्री-पुरुषांनी एडर नदीत उतरून पुन्हा बाप्तिस्मा घेतला. लहानपणीचा बाप्तिस्मा त्यांना मान्य नव्हता, आणि राज्याच्या दृष्टीने हे कृत्य गुन्हा होता. छळामुळे हा पंथ अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात गेला. तेथून विल्बर स्टोव्हर हे धर्मप्रसारक पत्नीसह १८९४ साली निघाले आणि वलसाड येथे त्यांनी काम सुरू केले. पुढे मराठी मुलखात डहाणू, वाडा आणि पालघर येथे त्यांची ठाणी झाली. शाळा निघाल्या, वसतिगृहे निघाली, आणि डहाणूचे मिशन हॉस्पिटल पिढ्यान्‌पिढ्या आदिवासी पाड्यांचा आधार ठरले. किनाऱ्यावरच्या व्यापारी कुटुंबांतील कित्येक बाळंतपणेही तेथेच झाली असतील.

या पंथात बाप्तिस्मा घेणारा पाण्यात गुडघे टेकतो आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने त्याला तीन वेळा पुढच्या बाजूला वाकवून बुडवतात. प्रभुभोजनापूर्वी मंडळीतील माणसे एकमेकांचे पाय धुतात. मग साधे भोजन, मग भाकर आणि प्याला. येशूने शिष्यांचे पाय धुतले, ते दाखवण्यापुरते नव्हते, आपणही तसेच करावे, असा त्यांचा सरळ अर्थ. कॅथलिक देवळातही पाय धुण्याचा विधी होतो, पण वर्षातून एकदा, पवित्र गुरुवारी, आणि धुणारा असतो धर्मगुरू. ब्रदरन मंडळीत ज्याचे पाय धुतले गेले तोच पुढच्याचे पाय धुतो. जुन्या काळी ते साधा पोशाख करीत आणि दागिने टाळीत.

त्यांची दोन व्रते अधिक महत्त्वाची आहेत. पहिले म्हणजे शस्त्र न उचलणे. मेनोनाइट, क्वेकर आणि ब्रदरन हे तिन्ही पंथ ‘ऐतिहासिक शांतिवादी चर्च’ म्हणून ओळखले जातात. दोन्ही महायुद्धांत त्यांच्या अनेक तरुणांनी सैन्यात जाण्यास नकार दिला. ही अहिंसा माणसापुरती आहे, आहारापर्यंत ती जात नाही, हा फरक लक्षात ठेवायला हवा. परंतु राजाज्ञेपुढे हिंसा नाकारण्याचे धैर्य त्यात आहे. दुसरे व्रत शपथ न घेण्याचे. माणसाचे ‘होय’ म्हणजे होय आणि ‘नाही’ म्हणजे नाही असावे. शपथेवर खरे बोलणारा एरवी खोटे बोलत असणार, असा त्यांचा तर्क. इंग्लंडमध्ये याच व्रतापायी क्वेकरांनी तुरुंगवास सोसला, आणि अखेर सतराव्या शतकाच्या शेवटी तेथील कायद्याने त्यांना शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याची मुभा दिली. आज भारताच्या १९६९ च्या शपथ अधिनियमात जो पर्याय आहे, ज्यामुळे प्रतिज्ञापत्रावर ‘शपथेवर’ ऐवजी ‘सत्यप्रतिज्ञेवर’ असे लिहिता येते, त्याचे मूळ त्या छळात आहे.

क्वेकरांचा विषय निघालाच आहे तर व्यापाऱ्यांसाठी थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. शपथ घेत नसल्यामुळे त्यांना विद्यापीठे आणि सरकारी पदे बंद होती. शस्त्र धरत नसल्यामुळे सैन्यही बंद. उरला व्यापार. घासाघीस म्हणजे दोन वेळा खोटे बोलणे, असे मानून त्यांनी दुकानात एकच भाव ठेवला. मूल पाठवले तरी फसवणूक होणार नाही म्हणून गिऱ्हाईक वाढले. लंडनच्या बार्कलेज बँकेचा उगम १६९० च्या सुमाराच्या क्वेकर सराफांत आहे. लॉइड्स बँकेचा एक संस्थापक सॅम्पसन लॉइड क्वेकर होता. कॅडबरी घराणेही क्वेकर. धर्माने घातलेली बंधने एखाद्या समाजाला पेढीकडे कशी वळवतात, याचे आणखी उदाहरण आपल्या वाचकांना शोधायला लांब जावे लागणार नाही.

पालघर-डहाणूच्या ब्रदरन मंडळ्यांचे पुढे काय झाले, ही कथा धर्मापेक्षा अधिक विश्वस्त-व्यवहाराची आहे. मिशनऱ्यांनी आणलेले युरोप-अमेरिकेतील भेद भारतात कशाला हवेत, असा विचार विसाव्या शतकात बळावला. १९२९ पासून वाटाघाटी चालल्या आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा पंथ एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च, म्हणजे सी.एन.आय., स्थापन झाले. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल यांचे आधीचे संयुक्त चर्च, बॅप्टिस्ट, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट, डिसायपल्स आणि ब्रदरन असे ते सहा. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट अगदी शेवटच्या क्षणी बाहेर राहिले. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा मानणारे आणि तो मुळीच न मानणारे एका छताखाली आले कसे? तडजोड अशी झाली की आईवडिलांनी हवे तर बाळाचा बाप्तिस्मा करावा, हवे तर केवळ आशीर्वाद घेऊन मुलाने मोठेपणी स्वतः बाप्तिस्मा घ्यावा, दोन्ही वैध. बिशपही ठेवले, वडीलजनांची सभाही ठेवली. शतकानुशतके ज्यावरून रक्त सांडले त्या प्रश्नाचा हा निकाल व्यवहारकुशल म्हटला पाहिजे.

पण तत्त्वावर जे जमले ते मालमत्तेवर अडले. गुजरातमधील ब्रदरन मंडळींच्या पहिल्या जिल्हा संघातील काही सभासदांना विलीनीकरण मान्य नव्हते. संघ संस्था-नोंदणी कायद्याखाली आणि मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली नोंदलेला होता. मोकदमा कोर्टामागून कोर्ट चढत गेला आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला : विलीनीकरणाचा ठराव झाला एवढ्याने विश्वस्त संस्थेची मिळकत दुसऱ्याकडे जात नाही, संस्था विसर्जित करण्याची आणि विश्वस्त संस्थांच्या एकत्रीकरणाची कायद्यातील रीत पाळली गेली पाहिजे. धर्मसभेत १९७० साली हात वर झाले, ते कायद्याच्या वहीत ४३ वर्षांनंतरही जमा झाले नाहीत. ज्यांच्या कुटुंबात मंदिराचे, उपाश्रयाचे किंवा पांजरपोळाचे विश्वस्तपद आहे त्यांनी हा निकाल ‘परक्यांचा’ म्हणून बाजूला ठेवू नये. कायदा तोच, धर्मादाय आयुक्त तेच. वाशिम जिल्ह्यातील शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिर १९८१ पासून चार दशके कुलूपबंद राहून २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उघडले, तेव्हा पंथभेदाची किंमत काय असते हे आपणही पाहिलेच आहे.

आता तारापूर. अणुविद्युत केंद्र १९६९ साली सुरू झाले, त्याला लागून औद्योगिक वसाहत वाढली आणि नोकरीनिमित्त केरळची अनेक कुटुंबे बोईसर परिसरात आली. त्यांतील ख्रिस्ती स्वतःला येशूचा शिष्य थोमा याचे वारस मानतात. इसवी सन ५२ मध्ये तो केरळच्या किनाऱ्यावर उतरला अशी त्यांची परंपरा आहे. म्हणजे पोर्तुगीज येण्यापूर्वी कितीतरी शतके हा समाज येथे होता आणि त्याचा संबंध रोमशी नव्हे तर पश्चिम आशियातील सिरियन चर्चशी होता. वसई वसवणाऱ्या त्याच पोर्तुगीजांनी १५९९ साली उदयंपेरूर येथे धर्मसभा घेऊन या समाजावर लॅटिन रीती लादल्या. ३ जानेवारी १६५३ रोजी मट्टांचेरी येथे हजारो लोकांनी एका क्रूसाला दोर बांधून, तो दोर हाती धरून, जेझुइटांची सत्ता न मानण्याची शपथ घेतली. तेथून फाटे फुटले. एक शाखा पोपकडे परतली. तीच आजची सिरो-मलबार चर्च, जिचा कल्याण धर्मप्रांत १९८८ पासून महाराष्ट्रात आहे. दुसरी सिरियन ऑर्थोडॉक्स परंपरेत गेली आणि पुढे तिचेही ऑर्थोडॉक्स व जॅकोबाइट असे दोन पक्ष झाले. एकोणिसाव्या शतकात अब्राहम मल्पान यांनी प्रोटेस्टंट वळणाच्या सुधारणा केल्या, त्यांतून मार थोमा चर्च निघाले.

ऑर्थोडॉक्स परंपरा पोप मानत नाही, पण तिला प्रोटेस्टंट म्हणणे साफ चूक. सात संस्कार, मारियेचा आदर, संत, धूप-दीप, दीर्घ उपासना हे सारे तेथे आहे. धर्मगुरू मात्र दीक्षेपूर्वी विवाह करू शकतो, ब्रह्मचारी असतो तो बिशप. आपल्या वाचकांना त्यांचे उपवास विशेष वाटतील. ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपवासात निष्ठावान कुटुंबे मांस, मासे, अंडी आणि दूध हे सर्व सोडतात. नाताळापूर्वी २५ दिवस, शिवाय बुधवार-शुक्रवार. याच कुळातील इथिओपियाच्या चर्चमध्ये तर वर्षातील सुमारे १८० दिवस असे पाळले जातात. वसईच्या कॅथलिकाचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून सुरू होतो; सिरियन परंपरेत तो सोमवारी सुरू होतो. बहुतेक प्रोटेस्टंट पंथांत आहाराचे बंधन प्रत्येकाच्या मनावर सोपवलेले असते. अपवाद सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्टांचा : ते शनिवार पाळतात, डुकराचे मांस व मद्य वर्ज्य मानतात आणि त्यांतील पुष्कळ जण शाकाहारी असतात. न्याहारीच्या कॉर्नफ्लेक्सचा उगम त्यांच्याच अमेरिकेतील आरोग्यधामात, डॉ. केलॉग यांच्या प्रयोगांतून झाला.

केरळच्या या पंथांचे तंटेही मोठे आहेत. ऑर्थोडॉक्स आणि जॅकोबाइट यांचा हजाराहून अधिक देवळांवरील हक्काचा वाद सर्वोच्च न्यायालयाने ३ जुलै २०१७ रोजी १९३४ च्या घटनेच्या आधारे ऑर्थोडॉक्स पक्षाच्या बाजूने निकालात काढला, तरी गावोगावी कटुता शिल्लक आहे. सिरो-मलबारांत तर मिस्सेच्या वेळी धर्मगुरूचे तोंड लोकांकडे असावे की वेदीकडे, यावरून एर्नाकुलमचे प्रमुख मंदिर २०२२ साली बंद ठेवावे लागले. बाहेरच्याला हा वाद क्षुल्लक वाटतो. पूजेत पंचामृत वापरावे की शुद्ध जल, मूर्तीला चक्षू असावेत की नसावेत, हेही बाहेरच्याला क्षुल्लकच वाटत असेल.

सर्वांत नवा थर पेंटेकोस्टल आणि स्वतंत्र प्रार्थनासभांचा. अमेरिकेत लॉस अँजेलिसच्या १९०६ च्या जागृतीपासून या पंथाचा इतिहास सांगतात. पण त्याआधी वर्षभर, १९०५ साली, पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये तशीच जागृती झाली होती. रमाबाई स्वतः कोणत्याच पंथाच्या चौकटीत बसल्या नाहीत. १८८३ साली इंग्लंडमध्ये अँग्लिकन बाप्तिस्मा घेतल्यानंतरही त्या आपल्या गुरुभगिनीशी त्रैक्यावर वाद घालीत, आणि गळ्यातल्या क्रूसावर लॅटिनच अक्षरे का, संस्कृत का नकोत, असे विचारीत. पेंटेकोस्टल उपासनेत मूर्ती, वेदी, धूप काही नसते. मोठ्याने प्रार्थना, टाळ्या, गाणी, अन्य भाषांत बोलणे आणि आजार बरे होण्यासाठी हात ठेवणे असते. बाप्तिस्मा प्रौढाचाच, तोही बुडवून. अनेक पास्टर कोणत्याही बिशपच्या अधिकाराखाली नसतात. जिल्ह्यातील आदिवासी भागात धर्मांतरावरून जो तणाव अधूनमधून निर्माण होतो, त्यात बहुधा सर्वच ख्रिस्ती संस्था एकाच आरोपाखाली येतात. वस्तुतः जुन्या चर्चमधील पुष्कळ धर्मगुरूंनाही या नव्या सभांविषयी आक्षेप आहेत, कारण त्यांचीच कुटुंबे तिकडे जाताना दिसतात. औद्योगिक वसाहतीलगतचा गाळा प्रार्थनेसाठी भाड्याने मागितला गेल्यास मालकाने एवढे पाहावे की करार नोंदणीकृत विश्वस्त संस्थेशी होत आहे की एका व्यक्तीशी. कॅथलिक किंवा सी.एन.आय. असेल तर मागे संस्था उभी असते. स्वतंत्र पास्टर गेला की प्रश्न उरतो.

हे भेद जैन कुटुंबाच्या उंबऱ्याशी प्रत्यक्ष येतात ते विवाहाच्या वेळी. एकाच कारखान्यात, एकाच महाविद्यालयात शिकणारी-काम करणारी मुले-मुली विवाह ठरवतात, आणि मग घरात पहिला प्रश्न येतो : धर्म बदलावा लागेल का? उत्तर पंथावर अवलंबून आहे. कॅथलिक चर्च बिशपच्या परवानगीने, बाप्तिस्मा न झालेल्या जोडीदाराशी विवाह लावते. धर्मांतराची अट नाही. कॅथलिक जोडीदाराने मात्र मुलांना कॅथलिक वळण देण्याचा यथाशक्ति प्रयत्न करीन असे वचन द्यायचे असते आणि त्याची कल्पना दुसऱ्याला दिली जाते. ऑर्थोडॉक्स देवळात विवाह हा संस्कार बाप्तिस्मा झालेल्यांचाच, त्यामुळे तेथे आधी बाप्तिस्मा. पेंटेकोस्टल मंडळीही सामान्यतः तेच सांगतात.

विवाह मोडण्याचा प्रश्नही पंथागणिक वेगळा. प्रोटेस्टंट पंथ न्यायालयीन घटस्फोट बव्हंशी मान्य करतात. कॅथलिक चर्च घटस्फोट मानत नाही. विवाह मुळातच अवैध होता असे तिचे न्यायासन ठरवू शकते. परंतु चर्चच्या अशा निर्णयाला दिवाणी कायद्यात मान्यता नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये स्पष्ट केले. बँकेला किंवा निबंधकाला हवा असतो न्यायालयाचा हुकूमनामा.

बहुतेक कुटुंबे शेवटी मधला मार्ग म्हणून विशेष विवाह अधिनियम १९५४ निवडतात : ३० दिवसांची नोटीस, धर्म ज्याचा त्याच्याकडे. येथे व्यापारी घराण्यांनी कलम १९ वाचल्याशिवाय सही करू नये. हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन अविभक्त कुटुंबातील व्यक्तीने या कायद्याखाली विवाह केला की ती त्या कुटुंबातून विभक्त झाली असे कायदा मानतो. दोन्ही पक्ष या चार धर्मांपैकीच असतील तर १९७६ च्या दुरुस्तीने सूट आहे; जोडीदार ख्रिस्ती असेल तर ती सूट मिळत नाही, मग तो वसईचा कॅथलिक असो वा तारापूरचा मार थोमा. वारसाहक्कही पुढे भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ प्रमाणे चालतो. पेढी, गोदाम आणि प्राप्तिकराचे खाते ‘एच.यू.एफ.’च्या नावे असेल, तर मुलाचा हिस्सा कोणत्या तारखेला वेगळा झाला, त्या दिवशीचा ताळेबंद काय होता आणि कर्त्याने बँकेला ते कळवले का, हे सनदी लेखापालाबरोबर बसून नोटिशीच्या ३० दिवसांतच ठरवावे लागते.